अकरा वेळा उघडलेला धडा

मी निरगुडसरला घरूनच काम करते. कंपनी पुण्यातली, छोटी. परीक्षांचे धडे व्हिडिओवर दाखवते. सासूबाई शेजारणीला सांगतात, "आमची सून दिवसभर टीव्ही बघती, अन् त्याचा पगार घेती." आता यांना काय सांगायचं! टीव्ही नाही, मी व्हिडिओ दाखवणारा प्लेयर लिहिते.

व्हिडिओ लागायच्या आधी प्लेयरला मॅनिफेस्ट नावाची फाइल मिळते. व्हिडिओचे तुकडे कुठे ठेवलेत, भारी प्रत कुठली, कमी नेटवर चालणारी हलकी कुठली, सगळं तिच्यात लिहिलेलं. मी तिच्यातच चार ओळी घातल्या: व्हिडिओ कुठे अडकतो ते मोज आणि अमुक पत्त्यावर कळव. बघणाऱ्याचं नाव नको, नुसतं तो कुठल्या भागातला ते. उद्या दुसरं काही मोजायचं ठरलं, तर फक्त फाइल बदलायची. स्वतःवर मी लई खूश होते.

पहिल्या महिन्याच्या अहवालात डोंगराकडे कुणाचा व्हिडिओ अडकतच नव्हता. साहेब म्हणाले, "मग हलकी प्रत ठेवायचीच कशाला?" मी ती काढून टाकली.

डोंगरातल्या तळेघरला माझी हॉस्टेलमधली मैत्रीण अंगणवाडी सेविका आहे. मुख्यसेविकेच्या परीक्षेचा अभ्यास ती आमच्याच धड्यांवर करत होती. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची संधी. फोनवर विचारलं की म्हणायची, "झ्याक चाललंय गं, काय बी त्रास न्हाई." आपल्या माणसाच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, असं तिच्या घरचं वळण.

एका रविवारी मी गेले. एसटी चुकली, म्हणून शेवटचा टप्पा पायी. बघते तर ही बाई खाचराच्या बांधावर फोन उंच धरून उभी. पडद्यावर नुसतं गोल फिरतंय, वहीत अर्धीमुर्धी वाक्यं.

"हे काय गं?"

"असंच व्हतं. बंद करते, परत लावते."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?" मी ओरडलेच.

"आधी चहा घे," ती हसत म्हणाली. "चालून दमलीस."

चहा पिता पिता डोक्यात उजेड पडला. आमचा प्लेयर पुढचा तुकडा मागतानाच अहवाल जोडून पाठवायचा. रेंज नसली की मागणी पोचत नाही, मग अहवाल कुठला? आणि वैतागून व्हिडिओ बंद केला की नोंदही पुसली जायची. म्हणजे ज्यांचं बरं चाललंय त्यांचंच आम्हाला कळत होतं, आणि त्या भरवशावर मी हिची हलकी प्रत काढली होती! मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिथे काही बोलायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर चार दिवस खपून प्लेयर बदलला. अडकल्याची नोंद आता फोनमध्ये राहणार आणि रेंज आली की निघणार. तिला विचारून आधी तिच्याच फोनवर लावला. दोन दिवसांनी नोंदी आल्या. पोषण आहाराचा एकच धडा तिने एका दिवसात अकरा वेळा उघडला होता. अकरा वेळा! मला रडूच आलं. साहेबांना ते दाखवलं. संध्याकाळपर्यंत हलकी प्रत जागेवर होती. दुसऱ्या दिवशी तोच धडा तिने एकदा लावला आणि तो शेवटपर्यंत चालला.

ती पास झाली. फोन आला तो हसत-रडतच. "तुझ्यामुळं झालं गं समदं."

"माझ्यामुळंच अडलं होतं," मी म्हटलं, आणि हलकी प्रत कुणी काढली ते सांगून टाकलं. माझा जीव टांगणीला.

"चुकलं गं माझं. शिव्या तरी घाल."

"शिव्या काय फोनवर घालायच्या असत्यात व्हय? रविवारी ये. जेवू घालते, मग निवांत घालते."