धुक्यातल्या गाडीला कुंकू

आत्याला लंडनला, आमच्या पिनरमध्ये आणायचं हे दादाने ठरवलं आणि तिला तयार करायला मी जायचं हेही त्यानेच ठरवलं. आमच्याकडे कामाची वाटणी अशीच होते. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. वय एकोणऐंशी, भूलतज्ज्ञ म्हणून न्यूकासलच्या हॉस्पिटलात उभा जन्म काढलेली आणि सुधाकरकाका गेल्यापासून व्हिटली बे या समुद्रकाठच्या गावात एकटी राहणारी. पिनरला दादाच्या घराजवळ तळमजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघाला होता. "तू बोललीस की ती ऐकते," दादा म्हणाला. हे अजिबात खरं नाही, पण ऐकायला बरं वाटलं, म्हणून मी हो म्हटलं.

निघायच्या आधी आत्याचा फोन आला. "ईलिंग रोडवरच्या आपल्या दुकानांतून एक नारळ घेऊन ये. शेंडीवाला बघ हं, इथे सगळे टकले मिळतात."

"पूजा आहे का काही?"

"आहे की. गाडीची."

आत्याकडे गाडी नाही. काकांची होती, ती कधीच विकली. मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात नोंद केली: विसरायला लागली आहे. फ्लॅटच्या बाजूने आणखी एक मुद्दा मिळाल्याचं समाधानही वाटलं, हे आता लिहायला लाज वाटते.

पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट किंग्ज क्रॉसला सोडते आणि तिथून न्यूकासल साधारण तीन तास. तिकीट आधी काढून ठेवा, आयत्या वेळी फार महाग पडतं. आणि जाताना उजव्या हाताची खिडकी मागून घ्या. यॉर्कपर्यंत झोप काढली तरी चालेल, डरमला मात्र जागे राहा. गाडी उंच पुलावरून हळू जाते, खाली गावाची कौलं आणि पलीकडे टेकडीवर कॅथीड्रल. त्यानंतर थोड्याच वेळात टाइन नदी येते, एकापुढे एक पूल घेऊन. ऊन तिरकं होतं, नदी पितळेच्या रंगाची झाली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, आणि मी पाठ केलेली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत बसले होते.

न्यूकासलला उतरून तिथली मेट्रो पकडायची. दिवसभराचं तिकीट घेतलं की कितीही हिंडा. मी गेले तेव्हा तिथे दोन पिढ्या एकाच रुळांवर धावत होत्या. चाळीसेक वर्षं जुन्या गाड्या निवृत्त होत होत्या आणि नव्या एकेक करून येत होत्या. कुठली गाडी येईल ते नशिबावर. माझ्या नशिबी जुनी आली, आणि चक्क पुढची सीट रिकामी होती.

या सीटबद्दल सांगायलाच हवं. जुन्या गाडीत ड्रायव्हरची खोली अर्ध्याच रुंदीची असते. उरलेल्या अर्ध्यात प्रवाशांसाठी बाक आणि समोर सरळ काच. तिथे बसलं की गाडी आपणच चालवतोय असं वाटतं. बोगदा संपला, उजेडाचं एक नाणं मोठं होत होत आपल्या अंगावर आलं, मग घरांच्या मागच्या बागा, वाळत घातलेले कपडे, पूल, पुन्हा बागा. रूळ समोरून येत राहतात आणि आपल्याखाली नाहीसे होत राहतात. मी व्हिटली बेला उतरायचंच विसरणार होते.

आत्याने भरली वांगी केली होती. जेवताना मी पुढच्या सीटचं कौतुक केलं, तशी ती हसली.

"ती आमची सीट. हे नाइट ड्यूटीवरून यायचे आणि मी निघायचे, मधे मॉन्युमेंट स्टेशनवर भेटायचो. रविवारी मात्र दोघं मिळून त्या सीटवर. कुठे जायचं नसायचं, नुसती चक्कर मारायची." मग वांगं वाढत म्हणाली, "नव्या गाडीत ती सीट नाहीये म्हणे. ड्रायव्हरला पूर्ण खोली दिलीये."

मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, "बघ ना आत्या, आता ती सीटसुद्धा जाणार. इथे तुझं असं काय राहिलंय? दादाच्या शेजारी एक फ्लॅट आहे..."

"वांगं गार होतंय," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर काही नव्हतं. समुद्र नाही, रस्ता नाही, समोरचं घरही नाही. समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला इकडचे लोक फ्रेट म्हणतात. आत्या मात्र तयार होऊन बसली होती. अंगात जाड कोट, हातात काठी, आणि डब्यात कुंकू, हळद, अक्षता. काका गेल्यावरही तिने कुंकू लावणं सोडलं नाही.

"नारळ घे. गाडीची पूजा करून येऊ."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवीन गाडी घरी आली की आपण हळदकुंकू वाहतो, नारळ ओवाळतो. आत्याच्या लेखी ही गावाची नवीन गाडी होती आणि गावात दुसरं कोणी करणारं नव्हतं. विसरायला लागलेली मीच होते.

स्टेशन पाच मिनिटांवर आहे. आम्हाला वीस लागली. जिना नव्हता, चढ नव्हता, पण स्टेशन जवळ येईल तशी आत्याची पावलं लहान होत गेली. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसल्यावर तिने सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मॉन्युमेंटला उतरताना तिचा पाय प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या मधल्या फटीत गेला होता. "चूक माझीच. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी. हाड मोडलं नाही, नुसतं मुरगळलं. पण त्यानंतर मी गाडीत पाय ठेवलेला नाही."

"दोन वर्षं? आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दोन वर्षं आधी आली असतीस, फ्लॅट घेऊन."

दोन वर्षं ही बाई सामान ऑनलाइन मागवत होती, मैत्रिणींना आज सर्दी आणि उद्या पाहुणे असं सांगत होती. व्हिटली बे स्टेशनचं काचेचं छत धुक्याने भरून गेलं होतं आणि त्याखाली आम्ही दोघी बसलो होतो, नारळ मधे ठेवून.

पिवळ्या जॅकेटातली स्टेशनची बाई दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलंच, "ऑल राइट, पेट?" इकडे ओळखीअनोळखीच्या सगळ्यांना पेट म्हणतात. आत्याने तिला शांतपणे समजावलं की नवीन वाहन आलं की आमच्यात त्याला आशीर्वाद देतात. नारळ इथे फोडणार नाही, नुसता दाखवणार. बाईने थोडा विचार केला. मग म्हणाली, "माझी कार रोज सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते. तिला उशीर झालाय का?"

"कार पार्कमध्ये आहे का? नंतर बघू," आत्या म्हणाली. डॉक्टरकीचा आवाज अजून तसाच आहे.

रूळ गुणगुणायला लागले. धुक्यात आधी दोन दिवे आले, मग त्यांच्यामागे पिवळं काहीतरी. आत्या उठली, पुढे झाली, दार थांबलं त्याच्या शेजारी तिने चटकन हळदकुंकवाचं बोट टेकवलं, चार अक्षता टाकल्या आणि नारळ ओवाळला. दार उघडलं. आत जुने बाक, घासून गुळगुळीत झालेले दांडे.

"आत्या," मी म्हणाले, "ही जुनी आहे."

आत्याने चष्मा पुसून पाहिलं. दारं मिटली, गाडी निघाली आणि बोटाएवढं कुंकू घेऊन धुक्यात गेली. पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. आत्या ती जागा दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "इतकी वर्षं कोणी लावलं नव्हतं तिला."

मला रडू आलं. धुक्याचा फायदा असा की कोणाला दिसत नाही.

त्यानंतर आणखी एक जुनी गाडी आली आणि मग नवी. दार उघडायच्या आत दाराखालून एक पट्टी सरकत बाहेर आली आणि प्लॅटफॉर्मला येऊन टेकली. फट उरलीच नाही. आत्या पूजा विसरली. काठीच्या टोकाने तिने ती पट्टी दोनदा ठोकून पाहिली, रुग्णाचा गुडघा तपासावा तशी. मग माझा हात न धरता आत गेली. कुंकू शेवटी आतल्या दांड्याला लागलं.

नवी गाडी आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग उघडी आहे. बाक खिडक्यांना पाठ लावून, सगळे एकमेकांकडे तोंड करून. वळणावर पुढचा भाग हळूच वळताना दिसतो, मग मधला, मग आपण. समोरची काच नाही, ती उणीव मला फार जाणवली. कलरकोट्स, टाइनमाउथ, दोन्हीकडे नुसतं पांढरं. आम्ही ढगातून चाललो होतो आणि आत्या समोरच्या अनोळखी बाईशी गुडघ्यांविषयी बोलत होती. टाइनमाउथला उतरून बंदरावरून आणलेल्या ताज्या हॅडॉक माशाचे फिश अँड चिप्स खाल्ले. तुम्हीही खा, व्हिनेगर भरपूर घाला. घरी आल्यावर नारळ फोडला आणि आत्याने वड्या थापल्या.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि दुपारी माझी परतीची गाडी. सकाळी आत्या म्हणाली, "तू स्टेशनवर थांब. मी एकटी चक्कर मारून येते."

ही लाइन एखाद्या फासासारखी आहे. व्हिटली बेहून टाइनमाउथमार्गे शहरात जायचं, मॉन्युमेंटला लिफ्टने दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर जायचं आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा व्हिटली बेला यायचं. तासाभराचं काम. मॉन्युमेंट म्हणजे जिथे पाय गेला होता तेच स्टेशन. मी नको म्हणणार होते, पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. नवी गाडी आली, ती चढली.

एक तास झाला. सव्वा तास झाला. शहराकडून एक गाडी आली, जुनी. मी एकेक दार बघितलं. आत्या नव्हती. मी दादाला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार होते? की पाठवली एकटी? दहाएक मिनिटांनी पुढची आली. पट्टी सरकली आणि आत्या उतरली, काठी काखेत मारून.

"किती उशीर, आत्या."

"मॉन्युमेंटला आधी जुनी आली. पुढची सीट रिकामी होती गं." ती थोडी थांबली. "सोडली मी ती. चढले असते, पण उतरताना पुन्हा ती फट, आणि तुझा हात शोधावा लागला असता."

फ्लॅटचा विषय मी पुन्हा काढला नाही. परतीच्या गाडीत डरमचं कॅथीड्रल आलं तरी मी नीट पाहिलं नाही. मी दादाला लिहिलं, आत्या येत नाहीये. त्याने विचारलं, का? मला खरं उत्तर लिहायला पीटरबरापर्यंत वेळ लागला: आपल्याला तिची काळजी होती त्यापेक्षा त्या काळजीतून सुटायची घाई जास्त होती.

गेली दोन वर्षं आत्याला कधीही फोन केला की ती पहिल्याच रिंगला उचलायची. आम्हा भावंडांना त्याचं फार कौतुक होतं. या रविवारी, म्हणजे तिच्या चक्कर मारायच्या दिवशी, मी केला, तर फोन वाजून वाजून बंद झाला.