बाईंच्या नावाचा परवाना

कुणी 'बघू' म्हटलं की बाई विचारायच्या, "कवा?"

नुसतं विचारून थांबायच्या नाहीत. उठायच्या, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जायच्या आणि एका तारखेवर बोट ठेवून मागे वळायच्या. "ह्या सोमवारी बघणार, का पुढच्या?" तुम्ही सरकारी कचेरीत कधी हेलपाटे घातले असतील, तर 'बघू' या शब्दाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. मला तर तो पक्का ठाऊक होता, कारण मी ग्रामसेवक होतो आणि दिवसातून वीस वेळा तो शब्द वापरत होतो. बाईंनी आपल्यापुरता तरी तो माझ्या तोंडून काढून घेतला.

माझं गाव कुंडल. नोकरी मात्र सातारा जिल्ह्यात, हमरस्त्यालगतच्या एका गावात. उसाचा मुलूख, घरटी एक माणूस लष्करात. गावाच्या शिवेवर एक कला केंद्र होतं. पत्र्याचं थिएटर, मागं खोल्यांची रांग आणि समोर गाड्या लावायला मोकळं मैदान. प्रेक्षक येत ते बाहेरगावचे. गावातलं कुणी तिथं जात नसे, निदान जातो असं म्हणत नसे. केंद्राचा मालक रस्त्याची कामं घेणारा ठेकेदार होता आणि परवाना त्याच्या नावावर होता. बाई तिथं आपली लावणीची पार्टी घेऊन आठ वर्षं राहत होत्या. चौदा बायका आणि दोन वाजवणारे. बाईंचं वय पन्नाशीच्या पुढं. स्वतः नाचणं सोडलं होतं, पण चालताना पाठ अशी ताठ की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहायचा.

पहिल्यांदा आल्या त्या रहिवासी दाखल्यासाठी. स्वतःसाठी आणि चौदाही जणींसाठी.

मी म्हटलं, "वीजबिल आणा."

"बिल मालकाच्या नावावर हाय."

"मग घरपट्टीची पावती."

"ती बी त्याच्याच नावावर."

"मग तुमचं इथं काय आहे?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आमी हाय की, भाऊसाहेब. आठ वर्सं हितलं पाणी पितोय. आमची पोरं हितल्या साळंत जात्यात. साळंच्या हजेरीत पोरं हाईत आन् तुमच्या दप्तरात आया न्हाईत, आसं कसं?"

मी म्हटलं, बघू. त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच आहे. अकरा खेपा घातल्या त्यांनी. बाराव्या खेपेला मी शाळेच्या दाखल्यांवरून त्यांचे रहिवासी दाखले केले. पुढं त्या सगळ्याजणी तहसील कचेरीत गेल्या आणि मतदार यादीत नावं घालून आल्या. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, दाखले दिले म्हणजे बाई परत यायच्या नाहीत.

वर्षभरानं केंद्राच्या परवान्याचं नूतनीकरण आलं. त्यासाठी ग्रामसभेची ना-हरकत लागते. मालकानं अर्ज माझ्याकडं दिला आणि दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मालकानं त्यांच्याकडून एका कागदावर सह्या मागितल्या होत्या. बाई चौथीपर्यंत शिकलेल्या, सही करता यायची, पण सरकारी मराठी त्यांना अवघड जाई.

"काय लिवलंय ते वाचून दावा. हळू वाचा."

मी वाचलं. थिएटरचं नूतनीकरण. थिएटरला लागून परमिट रूम. आणि मागच्या बाजूला 'खासगी बैठकीसाठी आठ बंदिस्त खोल्या'. खाली 'आम्हा कलावंतांची यास संमती आहे' अशी ओळ आणि पंधरा रिकाम्या जागा.

बाईंनी 'बंदिस्त' हा शब्द मला परत वाचायला लावला.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "स्टेजवर पोरगी नाचती तवा शंभर माणूस बगत आसतंय. कुणाचा हात पुढं आला तर वाजवणारा थांबतो, मी उटते, डोअरकीपर येतो. खोलीचं दार लागलं मंग कोण थांबणार? कोण उटणार?"

मी विचारलं, "सही केली नाही तर?"

"तर भायेर काढंल. ठाव हाय मला."

कागदाची घडी घालून त्यांनी ती कमरेला खोचली. सही केली नाही.

इकडं गावात वेगळंच चाललं होतं. एक निवृत्त सुभेदार होते. करारी माणूस, पहाटे गावाला फेरी मारणारा. त्यांना केंद्रच बंद करायचं होतं आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं. केंद्राकडं येणाऱ्या गाड्या शाळेच्या एसटी थांब्यावरून जायच्या. कॉलेजहून येणाऱ्या मुलींना गाडीतून हाका मारल्या जायच्या. एकदा त्यांच्या नातीच्या वाटेत गाडी आडवी घातली होती. सुभेदारांनी घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या होत्या.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात सकाळी अकराला भरली. एवढी गर्दी मी त्या गावात कधी पाहिली नव्हती. मालक पुढच्या रांगेत आपली माणसं घेऊन बसला होता. सरपंचांनी विषय वाचायला घेतला आणि पटांगणाच्या फाटकातून बाई आत आल्या. मागं चौदा बायका. साध्या सुती साड्या, केसात गजरा नाही, पायात चपला. गावानं त्यांना दिवसाच्या उजेडात असं एकत्र पाहिलंच नव्हतं. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

सुभेदार उठले. "ही गावची सभा हाय, बाई. भायेरच्यांनी हितं बसायचं न्हाई."

बाई माझ्याकडं वळल्या. "भाऊसाहेब, यादी बगा."

आता तो क्षण आठवला की मला माझीच लाज वाटते. यादी माझ्या पुढ्यात होती. नावं होती हे मला पाठ होतं. पण मालक माझ्याकडं बघत होता, सुभेदार बघत होते, सरपंचांनी मान खाली घातली होती. मी उगाच पानं चाळत राहिलो. बाई तिथंच वाट पाहत उभ्या राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "आहेत. पंधराही नावं आहेत. त्या या गावच्या मतदार आहेत."

आवाज जरा चिरकलाच माझा. पण सभेनं ऐकला.

बाई बोलायला लागल्या तेव्हा मालक निवांत होता. आपल्याच बाजूनं बोलतील अशी त्याची खात्री होती.

"खोल्यांना आमची हरकत हाय," बाई म्हणाल्या. "दारूच्या दुकानाला बी हरकत हाय. आमी सह्या केल्या न्हाईत, करणार न्हाई. थेटराला ना-हरकत द्या, कारण नाचगाणं हे आमचं काम हाय. आन् सुभेदार, तुमच्या नातीची गोष्ट मला कळली. मला बी नाती हाईत. गाड्या साळंपास्नं येऊ द्यायच्या न्हाईत, ही अट घाला. मागनं कॅनॉलचा रस्ता हाय, तिकडनं येऊ द्या. थांब्यावर दिवा लावायला सांगा मालकाला. अट मोडली तर परवाना रद्द करा, आमी तक्रार करणार न्हाई."

सुभेदार अजून उभेच होते. त्यांनी विचारलं, "मालकाविरुद्ध बोललीस. उद्या खानार काय?"

"ते आमी बगू. तुमी ठराव करा."

हात वर करून मतदान झालं. खोल्या आणि परमिट रूम नामंजूर, थिएटर अटींवर मंजूर. सुभेदारांनी बाजूनं हात वर केला नाही. विरोधातही केला नाही. हाताची घडी घालून ते समोर बघत बसले. ठराव मी लिहिला. नोकरीत हजारभर ठराव लिहिले असतील, त्यातला हा एक मला शब्दशः आठवतो.

आठवड्याच्या आत मालकानं बाईंच्या पार्टीला बाहेर काढलं आणि दुसरी पार्टी आणली. खोल्यांमधलं सामान मैदानात ठेवलेलं मी पाहिलं. पेट्या, घुंगरांच्या पिशव्या, शाळेची दप्तरं. मी जवळ गेलो. बाईंनीच विचारलं, "भाऊसाहेब, परवाना बाईच्या नावावर मिळतो का?"

"कायद्यात तसं काही नाही. कुणालाही मिळतो."

"मंग माज्या नावावरच काढते. कुनाच्या दारात ऱ्हायलं की तो कवातरी भायेर काढतोच."

सांगलीच्या बाहेर हळदीचं एक रिकामं गोदाम त्यांना भाड्यानं मिळालं. मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा फरशीच्या फटीफटीत हळद बसलेली होती. सराव झाला की सगळ्याजणींच्या पायांना पिवळा रंग चढायचा. "हळदीचे पाय घेऊन फिरतोय, लगीन कुनाशी लागतंय बगू," असं म्हणून बाई मोठ्यानं हसल्या. तसं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

परवान्याला अडीच वर्षं लागली. पोलिसांचा अभिप्राय, बांधकाम खात्याचा दाखला, आग विझवायची सोय, तिथल्या ग्रामपंचायतीची ना-हरकत. ती तर दोनदा नाकारली गेली. परवाना नाही तोवर कार्यक्रम करायचा नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. मधल्या काळात त्या बायका हळदीच्या कारखान्यात निवडायच्या कामाला गेल्या. सगळ्यांना ते जमलं नाही. एकेक करून नऊजणी सोडून गेल्या. त्यातल्या दोघी त्याच जुन्या केंद्रात परतल्या. बाईंनी कुणाला नावं ठेवली नाहीत. "तिला पोरं हाईत," एवढंच म्हणायच्या. पण त्या दिवसांत त्यांची ताठ पाठ मला पहिल्यांदा थोडी वाकलेली दिसली.

तिसऱ्या वेळी पंचायतीनं विचारलं, हे लोक आधी जिथं होते तिथं कसे वागले? लेखी आणा. मी सुट्टी काढून सुभेदारांकडं गेलो. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "मी नाचगाण्याच्या बाजूचा न्हाई. आजबी न्हाई."

"हो, माहीत आहे."

"पर त्या बाईनं जे क्येलं ते मी डोळ्यानं बगितलं. तेवढं लिवतो. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हातानं एक पानभर लिहिलं आणि खाली हुद्द्यासकट सही केली. ते पत्र वाचून दाखवलं तेव्हा बाईंनी ते हातात घेऊन खालची सही बघितली. मग म्हणाल्या, "मानूस लय कडू हाय. पर खरा हाय." पदर डोळ्याला लावला आणि लगेच पुढच्या कागदाचं विचारलं.

त्या पत्रावर पंचायतीची ना-हरकत मिळाली. कलेक्टर कचेरीतल्या शेवटच्या सुनावणीला मी बरोबर होतो. साहेबांनी फाईल चाळली आणि विचारलं, "या वयात तुम्हाला हा व्याप कशाला?"

"सायेब, चाळीस वर्सं लोकांच्या परवान्यावर नाचले. एकदा माजा परवाना आसू दे."

साहेबांनी फाईलवर शेरा मारला. महिन्याभरात परवाना आला. बाईंनी तो काचेत बसवून दाराशी लावला. गोदामाच्या आतल्या बाजूला ज्या दोन खोल्या होत्या, त्यांची दारं बिजागऱ्यांसकट काढून टाकली आणि तिथं कपड्यांच्या पेट्या ठेवल्या. एक मोठा माणूस स्वतंत्र बैठक मागायला आला होता म्हणे. बाईंनी त्याला त्या खोल्या दाखवल्या आणि म्हणाल्या, "दारच न्हाई, दादा. बसा की समद्यांत."

चार वर्षं त्यांनी ते थिएटर चालवलं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी बाई गेल्या. मला निरोप मिळाला तोवर सगळं उरकलं होतं.

दहाव्यानंतर मी सांगलीला गेलो. गोदामाला कुलूप होतं, परवान्याची चौकट भिंतीवर नव्हती. शेजारच्या गूळवाल्यानं सांगितलं, बायका कचेरीत गेल्यात. मी तिकडं गेलो. परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेलं की तो संपतो. पण बाईंच्या परवान्याची मुदत अजून चार महिने होती आणि तेवढे दिवस कुणी विचारायलाही आलं नसतं. तिथला लिपिक मला बाजूला घेऊन तेच म्हणाला. "मी सांगितलं त्यांना, चालू ठेवा, कुणाला कळतंय. ऐकायला तयार नाहीत. परवाना परत करून टाकला आणि नवा अर्ज दिलाय."

मी अर्ज पाहिला. अर्जदार म्हणून एक नाव नव्हतं. उरलेल्या पाचहीजणींची नावं होती, पाचहीजणींच्या सह्या होत्या. लिपिक म्हणाला, असा पाचजणींचा अर्ज आजवर आमच्याकडं आलेला नाही, वर विचारावं लागेल, वेळ लागेल.

बाहेर व्हरांड्यात त्या पाचजणी एका बाकावर दाटीवाटीनं बसल्या होत्या. सगळ्यात धाकटीनं मला ओळखलं आणि बाजूला सरकून जागा केली.

"साहेब आत आहेत, पण वेळ लागेल म्हणतात," मी म्हटलं.

"लागू दे," ती म्हणाली. "डबा आणलाय."