उजवीकडे उतरणारी रेघ

बुधवारी सकाळी आठ चाळीसला ती इस्पितळातल्या आवाजबंद खोलीत बसून स्वतःचेच कान तपासत होती. श्रवणचाचणी करणाऱ्यांचा हा रोजचा नेम. पेशंट येण्याआधी हेडफोन आपल्या कानांना लावायचे आणि यंत्र प्रत्येक स्वर नीट काढतंय ना, ते ऐकायचं. सुरुवात जाड्या घुमणाऱ्या आवाजापासून, शेवट डासाच्या गुणगुणण्याहून बारीक शिट्टीवर. तिला सगळे ऐकू आले. वय सेहेचाळीस, या खोलीत एकोणीस वर्षं. ‘ऐकू आलं की बटण दाबा’ हे ती झोपेतही म्हणते, अशी नवऱ्याची तक्रार आहे.

दुपारनंतर तिची रजा होती. दोन वर्षांपूर्वी सांगितलेली फ्लॅमेन्को गिटार तयार झाली होती.

ही गिटार साध्या गिटारीहून हलकी असते, आवाज कोरडा आणि तिखट. वाजवताना नखानं वरच्या फळीवर ठोकेही द्यायचे असतात. ती अकरा वर्षं वाजवतेय, पण शिकवणाऱ्या मास्तरांच्या जुन्या गिटारीवर. ती ज्यांनी केली, त्याच काकांकडे तिनं नंबर लावला होता. काका त्रेसष्ट वर्षांचे. घरामागच्या खोलीत एकटे काम करतात. वर्षाला पाच गिटारी. सहावी मागणाऱ्याला ते चहा पाजून परत पाठवतात.

खोलीत पाऊल टाकताच तिला तो आवाज आला. कपाटावरून बारीक टीं, टीं. हवा फार कोरडी झाली की इशारा देणारं ते यंत्र होतं. कोरड्या हवेत पातळ लाकूड तडकतं. काका त्याच कपाटाला टेकून उभे होते.

“या, कानवाल्या बाई! कान आणलेत ना बरोबर?”

“आणलेत, काका. ते यंत्र...”

“आधी वाजवा. मग बोला.”

तिनं वाजवली. पहिल्याच फटक्याला आवाज खोलीभर झाला. मास्तरांच्या गिटारीला असा आवाज कधीच नव्हता. काका तिच्या बोटांकडे बघत होते, तिनं हसून मान हलवल्यावर तेही हसले. तिनं फळीवर नखानं ठोका दिला आणि थांबली. मग तारांच्या खाली अंगठ्यानं हलकेच दाबलं. फळी पुठ्ठ्यासारखी आत गेली आणि वर आली.

दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं आकडे लिहिलेले होते. प्रत्येक गिटारीचा क्रमांक, पुढे बारीक तारांच्या बाजूला फळीची जाडी. मास्तरांच्या गिटारीपुढे अडीच मिलिमीटर. मग वर्षागणिक सव्वादोन, दोन, पावणेदोन. तिच्या गिटारीपुढे दीड. अशी उतरण ती दिवसातून चार-पाचदा कागदावर बघते. माणसाला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, की तिच्या आलेखाची रेघ अशीच उजवीकडे उतरत जाते.

“काका, खरवडणं थांबवायचं कधी, ते कसं कळतं?”

“टिचकी मारायची.” बाकावर पुढच्या गिटारीची फळी होती. त्यांनी ती दोन बोटांत लोंबती धरली. “ठोक्यामागे एक बारीक किणकिण असते. ती आली की हात थांबवायचा. हल्लीचं लाकूड मेलं आळशी आहे, लवकर बोलतच नाही.”

त्यांनी टिचकी मारली. किणकिण आली, स्वच्छ. काकांनी मान हलवली, फळी बाकावर ठेवली आणि खरवडायची पोलादी पट्टी उचलली.

“आली, काका.”

“काय आली?”

“किणकिण.”

पट्टी हवेतच राहिली. तेवढ्यात काकू दारात आल्या. “अहो, ते यंत्र बंद तरी करा! सोमवारपासून कोकलतंय. मी सांगून दमले.”

“कोणतं यंत्र?”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. कपाटावर यंत्र टीं, टीं करतच होतं.

“तीस वर्षं करवतीशेजारी उभा आहे मी,” काका म्हणाले. “या कानांवर घर चाललंय.”

“म्हणूनच म्हणते, उद्या कान तपासायला या.”

“वा! गिऱ्हाईक म्हणून आलात आणि मलाच गिऱ्हाईक करताय?”

“माझ्यामागे पाच जण रांगेत आहेत, काका. त्यांच्या फळ्या अजून वाचतील.”

“आणि तुमची?”

“ते तुम्ही सांगा.”

त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि तिनं दाबलं तिथंच अंगठा दाबला. बराच वेळ दाबून धरला. बोटांना अजून सगळं कळत होतं.

“वर्षभर,” ते म्हणाले. “मग तारा ओढून ओढून आत बसवतील हिला. ठेवून जा. दुसरी करतो.”

“कोणत्या कानांनी ऐकून कराल?”

काकांनी पुन्हा पट्टी उचलली. काकूंनी त्यांच्या हातातली पट्टी काढून घेतली. “ही पट्टी मी सांभाळते. दवाखान्यातून आलात की मागा.”

तिनं गिटार नेलीच. संध्याकाळी तासभर वाजवली. शेजारीण विचारायला आली, नवी का, किती छान वाजते. ती गेल्यावर तिनं सहाही तारा सैल करून ठेवल्या.

इस्पितळाच्या वहीत उद्याचा पहिला नंबर नऊ वाजताचा आहे: पुरुष, त्रेसष्ट, व्यवसाय गिटार बनवणे. त्याआधी, आठ चाळीसला, ती हेडफोन स्वतःच्या कानांना लावेल.