कापलेला प्रसंग

वेम्बलीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एका चित्रपटाचं शूटिंग झालं. म्हातारा इंग्रज नट घासाघीस करून किटली घेतो, एवढाच प्रसंग. दुकानाची पाटी दिसलीच पाहिजे, हे मी दिग्दर्शकाशी भांडून कबूल करून घेतलं होतं. अख्खं कुटुंब घेऊन चित्रपटाला गेलो, तर प्रसंगच कापलेला!

मी आठवडाभर तणतणत होतो. मग तो नटच दुकानात आला.

"तुमची पाटी गेली," तो म्हणाला, "माझं कित्येक वर्षांनी मिळालेलं काम गेलं. बायको नवा कोट घालून बघायला आली होती."

दिग्दर्शकावरचा माझा राग अजून आहे. पण तेव्हा मी किटली काउंटरवर ठेवली.

"त्यांना घेऊन या. पुन्हा करू."

रविवारी त्याची बायको स्टुलावर बसली, तोच कोट घालून. घासाघिशीत मी हरलो.