कौसाबाईंची कॅसेट आणि वाघमारे काकांचा कायदा

वाघमारे काकांच्या आईचा आवाज मी पुसून टाकला होता.

काकांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. आज सकाळी काका गेले. आता मीच सांगते.

१९९५ चं बहरीन. आम्ही मनामाला, सूकच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत. मी एका ऑफिसात टायपिस्ट. काका AC टेक्निशियन, दिवसभर हमद टाउनच्या घरांमधले AC उघडून बसायचे.

शुक्रवारी सुट्टी. आमच्याकडे बुद्धवंदना, मग जेवण, आणि मग काकांचं तेच तुणतुणं.

"पोरी, कायदा पाहिजे."

कसला? तर विद्यापीठाच्या नामांतरासाठी जी साधी माणसं चालली, जेलमध्ये गेली, त्यांचं बोलणं सरकारने टेप करून जपायचं. ती मरायच्या आत.

आमचे हे चिडवायचे, "काका, नामांतर झालं की! आता खलास!"

"नाव लागलं रे. चालणाऱ्यांची नावं कुठंयत?"



माणूस भयंकर चिवट. सुट्टीवर गावी गेले आणि तिथल्या आमदाराला गाठलं. आमदार म्हणाले, विधेयकाचा मसुदा टाइप करून आणा, सोबत नमुन्याची एक कॅसेट द्या, मी मांडतो.

काकांनी आईला बसवलं. कौसाबाई. लाँग मार्चला गेलेली बाई. अर्धा तास बोलली, कॅसेटची एक बाजू भरून.

बहरीनला परतल्यावर कॅसेट माझ्या हातात दिली. "ऐक आणि लिहून काढ."

मी दोनदा ऐकली. लिहायचं मात्र आज करते, उद्या करते. माझा आळस, दुसरं काय!

दोन महिन्यांनी गावाहून फोन. कौसाबाई गेल्या. कंपनीकडून काकांच्या हातात पासपोर्ट पडेपर्यंत तिकडे सगळे विधी उरकले होते.

आणि मग मी तो पराक्रम केला.

तेव्हा गल्फमधली आम्ही माणसं पत्र लिहायचो कमी, बोलायचो जास्त. कॅसेटवर बोलायचं, सुट्टीवर जाणाऱ्याच्या हाती द्यायची. घरचे त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत पाठवायचे. परत वापरायची म्हणून कॅसेटवर कुणी नाव लिहायचं नाही.

ऑफिसमधली एक जण गावी निघाली होती. मी घाईत ढिगातली एक उचलली आणि बटण दाबलं.

"आई, इथलं ऊन विचारू नकोस. खजूर पाठवतेय. गुडघ्याला तेल लावतेस ना?"

अर्धा तास बडबडले. नीट आलंय का बघायला शेवट ऐकला, तर माझं बोलणं संपल्यावर एक म्हातारा आवाज आला.

"बास आता. बंद कर ते. च्या पी."

कौसाबाईंचा आवाज. मी त्यांच्याच कॅसेटवर बोलले होते.

शुक्रवारी काका आले. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "काका, मारा मला दोन."

ते म्हणाले, "लाव."

माझी सगळी बडबड त्यांनी ऐकली. खजूर, गुडघे, सगळं. मग आईचे ते मोजके शब्द. रिवाइंड केलं, परत ऐकलं. आणि रडले. इतका मोठा माणूस माझ्यासमोर लहान पोरासारखा रडला, आणि ते माझ्यामुळे.

मग नाक पुसून म्हणाले, "किती वेळा ऐकलीस?"

"दोनदा."

"मग बस. आईचं जेवढं आठवतं तेवढं बोल." आणि नवी कॅसेट लावली.

मी बोलले. जेलच्या रजिस्टरवर अंगठा मागितला तेव्हा कौसाबाई म्हणाल्या होत्या, "म्या अंगठा न्हाई देनार, सही करती." त्यासाठीच आपलं नाव लिहायला शिकल्या होत्या. त्यांच्या एका सहीसाठी रांग थांबली होती.

मग मी कौसाबाईंनी लेकाबद्दल सांगितलेलं सांगायला लागले, तर काकांनी बटण दाबलं.

"माझं वगळ. हे आईचं आहे."

रेकॉर्डिंग संपल्यावर स्क्रूड्रायव्हरने कॅसेटच्या पाठीवरच्या पट्ट्या तोडल्या. आता तिच्यावर कुणाला काही भरता येणार नव्हतं. आणि मसुद्यात एक कलम वाढवलं. टेप नष्ट झाली, तर ती ऐकलेल्या माणसाची साक्ष घ्यावी.

मी विचारलं, "आणि पुसणाऱ्याला शिक्षा?"

"नको. घाबरला तर सांगणारच नाही."

विधेयक विधानसभेत गेलं. चर्चेला आलंच नाही. पुढच्या निवडणुकीत आमदारही पडले. काका म्हणाले, "यल्ला, चला, दुसरा बघू."

दुसरा मिळाला नाही. मग बहरीन सोडून आल्यावर स्वतःच गावोगाव फिरले. आधी टेपरेकॉर्डर घेऊन, नंतर मोबाइल. म्हाताऱ्या माणसांसमोर तासन् तास बसायचे.

आज त्यांच्या मुलीला फोन केला. म्हटलं, "मंजू, बाबांची स्वतःची टेप आहे ना गं?"

 ती म्हणाली, "मावशी, त्यांना कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलं होतं?"

नाही. इतकी वर्षं तब्येत विचारली, मुलंबाळं विचारली. हे नाही विचारलं. स्वतःची लाज वाटते.

बहरीनच्या सगळ्यांना विनंती. काकांच्या तोंडून जे ऐकलंत ते मला फोन करून सांगा. येता रविवार मी दिवसभर रेकॉर्डिंग लावून बसणार आहे.

सुरुवात मी करते, त्यांनी वगळायला लावलेल्या गोष्टीपासून. कौसाबाईंनी सांगितलं होतं, "लाठी माझ्यावर पडायची होती. माझं लेकरू मदी आलं."

माफ करा काका, या वेळी तुमचं ऐकत नाही.

जय भीम. शांत झोपा.