ओल्या फडक्यातले दहा दाणे

आई गेल्यावर तिनं बरणीत ठेवलेलं पावट्याचं बी मी दोन वर्षं पेरलं नाही. गावात शेतकरी बायकांसाठी परसबागेचं शिबिर लागलं, तेव्हा ती बरणी घेऊन गेले.

"बाई, बी काय फोटो हाय व्हय, नुसतं बघायला?" मी ते नुसतं जपलंय म्हटल्यावर शिकवणाऱ्या शेवंताबाई हसल्या. त्यांनी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळले. मोड आले तर बी जिवंत. पुढचे चार दिवस माझं कशातच लक्ष लागलं नाही. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि जपता जपता ते मीच मारलं तर नव्हतं?

पाचव्या दिवशी फडकं उलगडलं. तीन दाण्यांना पांढरे, नाजूक मोड होते.

"तीनच," मी म्हणाले.

"तीन म्हंजी पुष्कळ. आळ्यात दोनाच्या जागी सहा दाणं टाकू, म्हंजी दोन तरी उगवत्याल. पोरांच्या ताटात उसळ पुढल्या साली."

माणूस असा परत उगवत नाही, एवढंच माझ्या मनात आलं. तोवर शिबिरातल्या बायकांनी बरणीतलं बी वाटून घेऊन पुड्या बांधल्या होत्या.

"पुडीवर नाव घालाया लागतं," शेवंताबाई म्हणाल्या. "आईंचं काय व्हतं?"

दोन वर्षांत ते मला कुणी विचारलं नव्हतं. मी हळूच म्हणाले, "सुमन."

"मोठ्यानं सांगा की. समद्यांना लिहायचंय."