अक्षताचं वाक्य तिलाच संपवू द्या

कल्पना करा, तुम्हाला एक काम दिलंय. एका देशात अपंग माणसं कशी जगतात ते तपासायचं. तुम्ही जिनीव्हात बसलात आणि तो देश अर्ध्या पृथ्वीपलीकडे आहे. अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार त्यानं मान्य केलाय, म्हणून दर काही वर्षांनी तो स्वतःबद्दलचा अहवाल स्वतःच लिहून तुमच्या समितीला पाठवतो. त्यात काय असेल? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाच 'तपासून सांग' म्हटलं तर तो जे सांगेल तेच. थोड्या अडचणी आहेत, काम चालू आहे, एकंदरीत छान.

पण तुमच्या टेबलावर आणखी एक अहवाल येतो. तो त्या देशातल्या अपंगांच्या संघटनांनी लिहिलेला असतो. तुमच्या समितीतले बहुतेक जण स्वतः अपंग असतात, त्यामुळे कुठला शब्द पोकळ आहे ते त्यांना चटकन कळतं. दोन्ही अहवाल शेजारी ठेवायचे, सरकारच्या माणसांना समोर बसवून प्रश्न विचारायचे, आणि काय बदलायला हवं ते शेवटी लिहून द्यायचं.

आता समजा, त्या दुसऱ्या अहवालातच असं वाक्य आहे: 'स्थलांतरित कुटुंबं आपल्या अपंग मुलांची घरीच उत्तम काळजी घेतात. त्यांची काही तक्रार नाही.' तुम्ही काय कराल? पान उलटाल आणि पुढे वाचाल.

हे वाक्य जिच्या बोलण्यावरून लिहिलं गेलं तिचं नाव अक्षता, आणि तिनं असं काहीही म्हटलेलं नव्हतं.

अक्षता न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या दक्षिणेला पापाकुरात राहते. वय सत्तावीस. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. फिरते ती विजेच्या व्हीलचेअरवर, उजवा हात तिच्या नाही, त्याच्याच मर्जीनं हलतो आणि बोलताना एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागतो. ऐकणाऱ्याला धीर असेल तर तिचं सगळं बोलणं नीट समजतं. पण बहुतेकांना दुसऱ्या शब्दापर्यंतही दम निघत नाही. 'पाणी हवंय का? थकलीस का? बाथरूमला जायचंय?' असे पर्याय तिच्यासमोर टाकले जातात. ती बहुधा 'खिडकी उघडा' असलं काहीतरी सांगत असते.

नोकरी पेनरोजला, औषधांच्या एका डेपोत. कुठल्या खोक्याची मुदत कधी संपते आणि कुठलं आधी बाहेर जायला हवं, ते सगळं तिच्या स्क्रीनवर असतं. रोज ट्रेननं जाते. काम चोख. मॅनेजर खूश आहे, सहकारी 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम झकास, म्हणतात. तरीही या देशात तिला कायमचं राहता येत नाही.

कारण असं. तिचे वडील नागसेन हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत. नागपूरहून इथे आले ते नर्स कमी पडत होते म्हणूनच. कुटुंबाच्या कायम वास्तव्याचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा सल्लागार म्हणाला, मुलीची तब्येत नियमात बसणार नाही, तिच्यामुळे सगळ्यांचं अडकेल. ती मोठी आहे, तिचं नाव काढा, मागाहून बघू. नागसेननी नाव काढलं. आई-वडिलांना वास्तव्य मिळालं. अक्षता शिकायच्या व्हिसावर राहिली, मग कामाच्या, आणि तोही पुन्हा पुन्हा वाढवायचा. स्वतःच्या नोकरीच्या जोरावर तिनं केलेला अर्ज फेटाळला गेला. ती देशाच्या आरोग्यसेवेवर ओझं होईल म्हणे. रात्रपाळीत अनोळखी म्हाताऱ्यांना उचलून कुशीवर वळवणारे तिच्या बापाचे हात त्या आरोग्यसेवेला चालतात. त्याची मुलगी तिला जड होते. दुसरा अर्ज सध्या कुठल्यातरी अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून आहे.

एवढं सगळं तिला एका वाक्यात सांगायचं होतं, आणि सांगायची जागाही चालून आली होती.

अपंगांच्या एका संघटनेची नायरी नावाची बाई गावोगाव फिरून जिनीव्हाच्या अहवालासाठी लोकांचं ऐकत होती. साठीची, जन्मापासून अंध, हातात पांढरी काठी, बरोबर टिपणं घेणारा एक माणूस. स्थलांतरितांचंही ऐकायचं म्हणून तिनं अक्षताच्या घरचे जातात त्या मराठी बौद्ध मंडळाला विचारलं. मंडळाचे अध्यक्ष चंद्रहास काका, पेशानं फार्मासिस्ट, लगेच हो म्हणाले. रविवारी बुद्धवंदना झाल्यावर मंडळाच्या हॉलमध्येच बैठक ठरली.

तक्रारी ऐकायला आलेल्या माणसाचं आपण काय करतो? सत्कार. चंद्रहास काकांनी नायरीच्या खांद्यांवर शाल घातली आणि हातात नारळ दिला. तिनं तो चाचपून पाहिला, कानाशी हलवून पाहिला आणि माओरीत त्याला नमस्कार करत म्हणाली, "किया ओरा! याच्या आत कोण आहे?" सगळे हसले. मग काकांचं भाषण झालं. या देशानं आपल्याला किती दिलं, इथले फुटपाथ किती सपाट, इथे अपंगांना किती मान. नंतर सचिवांचं भाषण, त्यात तेच. मग बटाटेवडे आले. नायरीच्या माणसाची बोटं लॅपटॉपवर चालू होती आणि हे सगळं त्यात जात होतं.

"आता आमची दिव्यांग कन्या दोन शब्द बोलेल," काका म्हणाले.

अक्षतानं हे वाक्य आठवडाभर घोटलेलं होतं. तिनं सुरुवात केली. "मला... या देशानं... माझ्या घरच्यांपासून..."

इथे ती श्वास घ्यायला थांबली. आणि शेजारी बसलेले नागसेन उठून उभे राहिले. "ती म्हणतेय, या देशानं तिला घरच्यांपासून कधी तुटू दिलं नाही. आम्ही सगळे तिच्या पाठीशी आहोत. आम्हाला काही कमी नाही, मॅडम. नो कम्प्लेंट्स."

टाळ्या पडल्या. अक्षताचा उजवा हात व्हीलचेअरच्या दांडीवर आपटत राहिला. कुणीतरी म्हणालं, "भावनाविवश झाली पोर."

घरात शिरल्यावर ती बोलली.

"बाबा... तुम्ही खोटं... बोललात."

"खोटं काय त्यात? पाठीशी नाही का आम्ही?"

"मी म्हणत होते... 'तोडलं'. 'तोडलं'... म्हणत होते!"

"माहिती आहे मला काय म्हणत होतीस ते!" नागसेनचा आवाज चढला. "म्हणून तर उठलो. तुझा अर्ज पडलाय तिथे. उद्या त्या अहवालात तुझं नाव सरकारच्या विरोधात छापून आलं, तर ते काय तुला हार घालणार आहेत?"

"हार तर... आपण घालतो. बटाटेवडे पण... देतो."

आई कलावती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अगं, बापाला असं बोलतात का? तुला कुठे पाठवून दिलं तर तिथे कोण आहे तुझं? आजी गेली, घर विकलं."

"मग तेच... सांगायला नको का... कुणाला तरी?"

नागसेन भित्रे नाहीत, हे इथे सांगायला हवं. नागपुरात शिकत असताना हॉस्टेलच्या खोल्यांसाठी त्यांनी डीनच्या दारात बसून पोलिसांच्या काठ्या खाल्ल्या होत्या. समोरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्याखाली संविधानाची प्रत आहे. पण व्हिसा ही गोष्ट माणसाचा कणा फार हळूहळू काढून घेते. दर नूतनीकरणाला थोडा थोडा. आपण काही मागत नाही, आपला कुणाला त्रास नाही, हे पटवून देता देता कधीतरी तेच तोंडून आपोआप यायला लागतं. आणि मग ज्या एका दिवशी कुणी खरंच ऐकायला येतं, त्या दिवशीही आपण तेच म्हणतो आणि वर टाळ्या वाजवतो.

काही दिवसांनी नायरीकडून मसुदा आला, बैठकीला आलेल्यांनी वाचून बघावा म्हणून. त्यात ते वाक्य होतं. 'त्यांची काही तक्रार नाही.' अक्षतानं डाव्या हाताच्या एका बोटानं उत्तर टाइप केलं: "हे मी म्हटलेलं नाही. माझं वाक्य अर्धं राहिलंय. तुम्ही ते पूर्ण ऐकायला या."

नायरी आली, पेनरोजच्या डेपोत, जेवणाच्या सुट्टीत. या वेळी टिपणवाला नव्हता, फक्त रेकॉर्डर होता. आणि नागसेनही आले. त्यांना कलावतींनी सांगितलं होतं. रात्रपाळी करून न झोपता आले होते, डोळे लाल.

"आधी माझी चूक," नायरी इंग्रजीत म्हणाली. "त्या दिवशी तुला मध्येच तोडलं ते मला ऐकू आलं होतं. मला दिसत नाही, कान शाबूत आहेत. पण भाषणांनी मी वैतागले होते आणि नारळ मांडीवरून घसरत होता. मी सोडून दिलं. ते मी करायला नको होतं."

"मॅडम," नागसेन म्हणाले, "तिचं म्हणणं घ्या. पण नाव कशाला? 'एक तरुणी' लिहा. तेवढ्यानं काम होतं ना?"

"होतं," नायरी म्हणाली. "बरेच जण नावाशिवाय देतात. नाव दिल्यानं अर्जावर काही होणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. खोटं कशाला सांगू?"

"ऐकलंस, अक्षू?"

अक्षतानं व्हीलचेअर वळवून बापाकडे तोंड केलं. "अर्जातून... नाव काढलंत. आता... इथूनही काढता?"

डेपोत फोर्कलिफ्ट मागे येताना वाजते तसा टीं टीं आवाज येत होता. नागसेन भिंतीशी असलेल्या एका खोक्यावर बसले. त्यावर 'बसू नये' असं लिहिलं होतं.

नायरीनं रेकॉर्डर सुरू केला. "तुझं पूर्ण नाव सांग. मग वाक्य. घाई नाही."

अक्षतानं पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाली, "मला या देशानं... माझ्या घरच्यांपासून..." आणि थांबली. नागसेन अर्धे उठले. त्यांचे ओठ हलले. नायरी तशीच बसून राहिली, मान किंचित कलती, जणू पुढचा शब्द येईपर्यंत तिला दुसरं काही कामच नाही. नागसेन खाली बसले.

"...तोडलं. ते राहू शकतात... मी नाही. माझे बाबा... इथे आजारी माणसांची... सेवा करतात. मला मात्र... आजार समजून... दारात ठेवलंय. मी काम करते... कर भरते. मी ओझं नाही. हे तुम्ही... त्यांना विचारा. समोर बसवून... विचारा."

रेकॉर्डर बंद झाला. नागसेननी चष्मा काढून पुसला. ते रागावले होते की आणखी काही, ते कळेना. "झालं? जेवलीस का तू?" एवढंच त्यांनी मराठीत विचारलं. मग डब्याचं झाकण उघडून तिच्यासमोर सरकवलं.

अक्षतानं डब्याकडे बघितलंही नाही. तिला नायरीला एक गोष्ट विचारायची होती.

"आता... पुढे काय होतं?"

नायरीनं काहीही साखरेत न घोळवता सांगितलं. अहवाल जिनीव्हाला जाईल. समिती सरकारला प्रश्न पाठवेल, सरकार उत्तरं देईल. मग समोरासमोर बैठक. तिथे कुणीतरी इमिग्रेशनच्या नियमांबद्दल विचारेल. सरकारचा माणूस म्हणेल, हा विषय विचाराधीन आहे. समिती निष्कर्षांत लिहील, हे नियम बदला.

"म्हणजे ते... बदलावंच लागेल?"

"नाही. समिती सांगू शकते, भाग पाडू शकत नाही. मागच्या फेरीतही तिनं इमिग्रेशनबद्दल सांगितलं होतं."

"मागच्या... फेरीत?"

"हो. २०२२ मध्ये."

अक्षताचा उजवा हात दांडीवर आपटला. एकदा, मग पुन्हा. नागसेननी तो धरायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर मागे घेतला.

"सगळे... मला विचारतात... तक्रार काय. मी सांगितली. जिनीव्हावाले देशाला विचारणार... देश म्हणणार बघतो. ऐकलं नाही तर... समिती काय करणार?"

"पुढच्या फेरीत पुन्हा विचारणार. त्याला काही वर्षं जातात," नायरी म्हणाली. "आम्ही तोपर्यंत इथे ओरडत राहणार. माझ्याकडे याहून बरं उत्तर नाही."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. नायरी काठी उघडत उठली. अक्षता तिच्या वाटेत व्हीलचेअर आडवी घालून थांबली. पुढचा प्रश्न विचारायला तिला बराच वेळ लागला, आणि तो संपेपर्यंत त्या दोघांपैकी कुणीही मध्ये बोललं नाही.

"ते पुन्हा विचारतील... तेव्हा मी... कुठल्या देशात असेन?"